हार्लेममधील 'कामोइंगे' आणि आपल्या छायाचित्रांचा प्रश्न

१

माझ्या मायचे एकच छायाचित्र आमच्या घरात आहे आणि ते आमचे नाही. १९७२ च्या दुष्काळात ती खडीच्या कामावर जात होती. एके दिवशी शहरातून कुणी वार्ताहर आला. त्याच्या सोबत कॅमेरेवाला होता. त्याने मायला उन्हात उभे केले, डोक्यावर घमेले घ्यायला लावले, आणि निघून गेला. आठवड्याने बापाने कुठून तरी ते वर्तमानपत्र आणले. छायाचित्राखाली ओळ होती, ती अशा अर्थाची की दुष्काळाने गांजलेली एक मजूर स्त्री. मायला अक्षरओळख नव्हती. मी वाचून दाखवले. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माझं नाव इचारलं असतं, तर म्या सांगितलं नसतं का?"

माझे वय तेव्हा सोळा. मायच्या प्रश्नाचे मोल मला त्या दिवशी कळले नाही. पुढे मॅट्रिकच्या फॉर्मसाठी मी तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत फोटो काढला. फोटोवाल्याने निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून माझा चेहरा चांगला दोन छटांनी उजळ केला आणि वर उपकार केल्यासारखा हसला. त्या फोटोतला मुलगा मी नव्हतो. मायचे छायाचित्र खरे होते, पण त्यात नाव नव्हते. माझ्या छायाचित्रावर नाव होते, पण त्यात मी नव्हतो. या दोन छायाचित्रांच्या मध्ये आपल्या समाजाचा एक मोठा प्रश्न अडकून पडला आहे, असे मला आता वाटते. आपण शब्दांच्या बाबतीत हा प्रश्न हाती घेतला. आपली वेदना दुसऱ्याने सांगू नये, ती आम्ही सांगू, असे दलित साहित्याने प्रस्थापितांना ठणकावून सांगितले. छायाचित्राच्या बाबतीत मात्र आपण तसे म्हटले नाही. जे कुणी म्हटले ते एकेकटे म्हणाले, आणि एकेकट्याचा आवाज टिकत नाही.

हा प्रश्न ज्यांनी एकत्र बसून हाती घेतला, अशा काही माणसांची हकिकत मी येथे सांगणार आहे. ती माणसे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील काळी माणसे होती. त्यांनी १९६३ साली जी मंडळी उभी केली, तिचे नाव 'कामोइंगे वर्कशॉप'.

२

हार्लेम हे नाव आपल्याला परके नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे, आणि दक्षिणेकडील राज्यांतून काळी माणसे हार्लेममध्ये येऊन वसत होती तीही नेमकी याच वर्षांत. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिले. काळ्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे कसा मांडला जात आहे, याची त्यांना चौकशी करावयाची होती. १९६७ नंतर मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात डॉ. म. ना. वानखेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्यांच्या वाङ्मयाची चर्चा सुरू केली. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली, तिचे नावही तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. जनार्दन वाघमारे यांनी तर त्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथच लिहिला. आम्ही विद्यार्थी त्या काळी 'निग्रो वाङ्मय' असे म्हणत असू. हा शब्द त्या लोकांनीच पुढे टाकून दिला, म्हणून आज मी तो वापरणार नाही.

सांगावयाचे ते असे की, आम्ही त्यांच्या कविता वाचल्या, कथा वाचल्या, पण त्यांनी स्वतः टिपलेले स्वतःचे चेहरे आम्ही पाहिले नाहीत. माझा एक विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला आहे. त्याने काही वर्षांपूर्वी मला एक जाड पुस्तक पाठवले. ते व्हर्जिनियातील एका संग्रहालयाने कामोइंगेच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले, त्या निमित्ताने निघालेले होते. मी ते आठ दिवस चाळत होतो. त्यातील माणसे धुणे वाळत घालणारी, बाकावर बसून राहिलेली, गाणे ऐकणारी, मुलाला कडेवर घेतलेली अशी होती. एकाही चित्रात कुणाला घमेले घेऊन उभे केलेले नव्हते.

३

कामोइंगेच्या आधीचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस हा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेला अमेरिकन होता, असे अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. त्याची एकशे साठ वेगवेगळी छायाचित्रे सापडली आहेत. हा हौसेचा मामला नव्हता. काळ्या माणसाचे विदूषकासारखे व्यंगचित्र काढणाऱ्या समाजापुढे आपला गंभीर, रोखून पाहणारा चेहरा ठेवणे हे त्याचे राजकारण होते. १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तेथे द्यु बॉईस यांनी जॉर्जियातील काळ्या लोकांच्या साडेतीनशेहून अधिक छायाचित्रांचे अल्बम मांडले. त्यांत डॉक्टर होते, विद्यार्थिनी होत्या, दुकानदार होते. बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते हेच द्यु बॉईस.

मात्र विसाव्या शतकात मासिकांचे युग आले आणि काळी वस्ती हा गोऱ्या छायाचित्रकारांचा विषय बनला. न्यूयॉर्कमध्ये १९३६ साली 'फोटो लीग' नावाची डाव्या विचारांची छायाचित्रकार-संस्था निघाली. कष्टकऱ्यांबद्दल तिला खरी कळकळ होती, आणि १९४७ साली सरकारने तिला काळ्या यादीत टाकले, १९५१ पर्यंत ती बंदही पडली, हे विसरता कामा नये. तिच्या काही सभासदांनी एरन सिस्किंड यांच्या पुढाकाराने 'हार्लेम डॉक्युमेंट' हा प्रकल्प केला. त्यातील चित्रे १९४० साली 'लुक' या खपाच्या मासिकात आली. त्या पानांतले हार्लेम म्हणजे गर्दी, दारिद्र्य आणि दुःख. हेतू चांगला होता. पण हेतू चांगला असणारा परका माणूसही आपल्याकडे येतो तो आपली जखम पाहायला येतो. जखमेखेरीज आपल्याकडे दुसरे काही असेल, अशी त्याची कल्पनाच नसते. सहानुभूतीच्या साहित्याविषयी आपण जे म्हणत आलो, तेच येथे म्हणावयाचे आहे.

४

या साऱ्याला पहिले सणसणीत उत्तर दिले ते रॉय डिकाराव्हा यांनी. त्यांचा जन्म १९१९ चा, हार्लेमचाच. जमेका बेटावरून आलेल्या आईने त्यांना एकटीने वाढवले. चित्रकलेसाठी ते कूपर युनियन या नामांकित शाळेत गेले, पण वर्णद्वेषाला कंटाळून १९४० साली ती सोडून दिली आणि हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटरमध्ये शिकू लागले. हे केंद्र सरकारी मदतीने १९३७ साली सुरू झाले होते आणि त्याच्या पहिल्या संचालक ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार स्त्री होत्या. वस्तीतल्या पोरांना वस्तीतच कला शिकवावी, ही परंपरा तिथून येते. डिकाराव्हांनी कॅमेरा हाती घेतला तो चित्रांसाठी टिपणे म्हणून. पुढे कॅमेराच त्यांचा कुंचला झाला.

१९५२ साली त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले काळे छायाचित्रकार. रक्कम होती ३,२०० डॉलर, मुदत एक वर्ष. अर्जात त्यांनी स्पष्ट लिहिले होते की मला समाजशास्त्रीय नोंद करावयाची नाही. हार्लेमची माणसे आतून ओळखणाराच जे दाखवू शकेल ते मला दाखवावयाचे आहे. त्या वर्षभरातील चित्रांतून १९५५ साली कवी लँगस्टन ह्यूज यांच्या मजकुरासह 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' हे छोटेखानी पुस्तक निघाले. एक म्हातारी आजी आपल्या गोतावळ्याबद्दल बोलते आहे, असा त्याचा बाज आहे. आत्मकथनाची भाषा ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्या वाचकांना तो बाज लगेच ओळखू येईल.

डिकाराव्हांच्या कामातील एक गोष्ट मी विशेष करून सांगतो, कारण तिचा संबंध माझ्या त्या पेन्सिलीने उजळलेल्या चेहऱ्याशी आहे. छायाचित्रणाचे तंत्र तटस्थ असते, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. अमेरिकेत रंगीत प्रिंट काढणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचे कार्ड दिले जाई. त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर! काळा चेहरा त्यात चिखलासारखा सपाट उमटला तरी कुणाचे बिघडत नव्हते. पुढे १९७० च्या दशकात फिल्ममध्ये गडद छटा अधिक नीट उमटू लागल्या. त्यामागेही काळ्या माणसांच्या तक्रारींपेक्षा चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारींना अधिक वजन होते, असे संशोधकांनी नोंदवले आहे. चॉकलेटचा रंग नीट येत नव्हता म्हणून!

डिकाराव्हा कृष्णधवल काम करीत. त्यांनी चेहरा उजळ करण्याचा मार्ग नाकारला. फ्लॅश वापरला नाही. जेवढा उजेड खोलीत असेल तेवढ्यातच ते चित्र घेत, आणि डार्करूममध्ये बसून गडद राखाडी ते काळा या अरुंद पट्ट्यात असंख्य छटा काढीत. त्यांचे चित्र पहिल्या नजरेला नुसते काळे वाटते. जरा थांबले की डोळे सरावतात. मग कपाळ दिसते, गालावरची रेघ दिसते, नजर दिसते. पाहणाऱ्यानेच थांबावयाचे, चित्राने त्याच्यासाठी उजळ व्हावयाचे नाही. १९५३ साली त्यांनी एका गरीब इमारतीतील अरुंद, अंधाऱ्या बोळाचे चित्र घेतले. त्यात माणूस नाही. पण अशाच बोळांतून आपले बालपण गेले, असे ते सांगत. चाळीच्या व्हरांड्यात वाढलेल्या माणसाला त्या चित्राचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

५

एवढे करूनही डिकाराव्हा एकटेच होते. १९५५ ते १९५७ या काळात त्यांनी आपल्या राहत्या घरातच छायाचित्रांचे दालन चालवले. ते परवडेना म्हणून बंद करावे लागले. पण हार्लेममध्ये कॅमेरा घेऊन फिरणारी काळी तरुण मुले वाढत होती. मासिके त्यांना काम देत नव्हती, दालने त्यांना भिंत देत नव्हती. त्यांची दोन लहान मंडळे होती. १९६३ साली ती एकत्र आली आणि डिकाराव्हा या नव्या मंडळीचे पहिले संचालक झाले. नाव शोधताना त्यांच्या हाती जोमो केन्याटा यांचे गिकुयू लोकांवरील पुस्तक होते. गिकुयू भाषेत 'कामोइंगे' म्हणजे एकत्र येऊन काम करणाऱ्या माणसांचा जथा. १९६३ हे केनिया स्वतंत्र झाल्याचे वर्ष, हेही ध्यानात घ्यावे. नाव आफ्रिकेतून घेणे हीच त्यांची पहिली अस्मिता होती.

या मंडळीत लुइस ड्रेपर होते, अल्बर्ट फेनार, रे फ्रान्सिस, जेम्स मॅनस, शॉन वॉकर, हर्बर्ट रँडल, ॲडगर कोवन्स होते. पुढे ब्युफोर्ड स्मिथ, अँथनी बार्बोझा आले. बहुतेकांचे पोट दुसऱ्या कामावर. रविवारी कुणाच्या तरी घरी जमावयाचे, जेवण करावयाचे, जॅझच्या तबकड्या लावावयाच्या आणि प्रत्येकाने आपले नवे प्रिंट मधोमध मांडावयाचे. मग चर्चा. ती चर्चा फार कडक असे, असे सर्वांनी लिहून ठेवले आहे. विषय आपला आहे म्हणून चित्र चांगले, असे तेथे कुणी चालवून घेत नसे. ढिसाळ प्रिंट परत पाठवला जाई. बाहेरचे जग ज्यांचे काम पाहायलाही तयार नव्हते, त्यांनी एकमेकांचे काम बाहेरच्यापेक्षा अधिक कठोरपणे पाहिले. मला वाटते, कामोइंगेचा खरा कणा हाच आहे. कॅमेरा विकत मिळतो. असा रविवार विकत मिळत नाही.

त्यांनी हार्लेममध्ये १३९ व्या रस्त्यावर एक जागा भाड्याने घेतली आणि १९६४ साली 'थीम ब्लॅक' नावाचे प्रदर्शन भरवले. बाबासाहेबांचे विद्यापीठ तेथून एक-दीड मैलावर. १९६४ आणि १९६५ साली त्यांनी आपल्या प्रिंटचे दोन संच काढले. १९६६ च्या जुलैत स्वित्झर्लंडमधील 'कॅमेरा' या मासिकाने हार्लेमवर अंक काढून त्यांची चित्रे छापली. भाड्याची जागा फार काळ टिकली नाही. डिकाराव्हाही दोन वर्षांनी संचालकपदावरून बाजूला झाले. तरीही मंडळी मोडली नाही. ती पुन्हा घराघरांत जमू लागली. नेता गेल्यावर आपल्याकडे काय होते, हे येथे लिहावयाची गरज नाही. कामोइंगेत नेतेपण फिरते राहिले. कुणी शिकवण्याची बाजू धरली, कुणी छपाईची, कुणी इतिहास लिहिण्याची.

६

या इतिहासातील दोन वादांकडे आपण मुद्दाम पाहिले पाहिजे.

पहिला वाद चळवळ आणि कला यांचा. ते दिवस नागरी हक्कांच्या लढ्याचे होते. १९६४ च्या जुलैत हार्लेममध्ये पोलिसाच्या गोळीने एक काळा मुलगा मेल्यानंतर दंगल उसळली होती. अशा वेळी धुण्याच्या दोरीची चित्रे कसली काढता, असा प्रश्न येणारच. ड्रेपर यांचे १९५९ सालचे एक चित्र आहे. दोरीवर पांढरे कपडे वाळत घातले आहेत. नीट पाहिले की ती कपड्यांची रांग क्लू क्लक्स क्लॅनच्या बुरख्यांची सभा भासू लागते. आणि चित्राला नाव दिले आहे काँग्रेसच्या बैठकीचे. घोषणा नाही, रक्त नाही, पण देशाच्या कायदेमंडळात कोण बसले आहे ते एका दोरीने सांगितले. याच ड्रेपर यांनी १९७१ साली मिसिसिपीच्या लढाऊ नेत्या फॅनी लू हेमर यांचे जे चित्र घेतले, त्यात एक थकलेला, न वाकलेला चेहरा दिसतो. डिकाराव्हांनीही १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात गर्दीऐवजी एका तरुण मुलीचा चेहरा टिपला. प्रचार नको असे या लोकांचे म्हणणे नव्हते. आपल्या माणसाला घोषणेचा खिळा करू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने हार्लेमवर प्रचंड प्रदर्शन भरवले. त्यात फोटो होते, आवाज होते, मजकूर होता. पण हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांची एकही कलाकृती नव्हती. काळ्या कलावंतांनी दारात निदर्शने केली. डिकाराव्हांनी आपली चित्रे दिली नाहीत. ते निदर्शकांत उभे राहिले. त्याच प्रदर्शनामुळे जेम्स व्हॅन डर झी या वृद्ध स्टुडिओवाल्याची नव्याने ओळख झाली. हार्लेमच्या लग्नांची, मिरवणुकांची, मयतांची चित्रे त्यांनी अर्धे शतक काढली होती. जगाने त्यांना डोक्यावर घेतले आणि त्याच वर्षी भाडेपट्टीच्या भानगडीत त्यांना राहते घर सोडावे लागले. चित्राचा गौरव आणि चित्रकाराचे बेघरपण एकाच वर्षात. प्रस्थापितांचे कौतुक किती खोल जाते, ते यावरून मोजावे.

दुसरा वाद आतला आहे आणि अधिक अवघड आहे. १९६५ साली कामोइंगेने काळ्या स्त्रीवर प्रदर्शन भरवले. त्या वेळी मंडळीत एकही स्त्री सभासद नव्हती. पहिली स्त्री, मिंग स्मिथ, १९७२ साली आली आणि पुढे बराच काळ ती एकटीच होती. गोऱ्यांनी आमचे चित्र आम्हाला न विचारता काढले, असे म्हणणाऱ्या पुरुषांनी आपल्या स्त्रियांची चित्रे कुणाच्या नजरेने काढली? मिंग स्मिथ यांची चित्रे हलती, धूसर, अर्धवट अंधारातली आहेत. त्यांत माणूस पकडला जात नाही, निसटतो. १९७९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे काम विकत घेतले. काळ्या स्त्री छायाचित्रकाराचे काम तेथे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले ते २०२३ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. हा दोष फक्त तिकडचा आहे असे म्हणून हात झटकता येणार नाही. आपल्या मोर्चांची जी चित्रे आपल्याच पोरांनी काढली, त्यांत स्त्रिया पहिल्या रांगेत दिसतात. कॅमेरा मात्र त्यांच्या हाती कुणी दिला नाही.

७

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. तो आहे सांभाळण्याचा.

१९७३ साली कामोइंगेतील ब्युफोर्ड स्मिथ आणि त्यांचे मित्र जो क्रॉफर्ड यांनी पुढाकार घेऊन 'द ब्लॅक फोटोग्राफर्स ॲन्युअल' काढले. पहिल्या अंकाची प्रस्तावना टोनी मॉरिसन यांनी लिहिली. १९८० पर्यंत त्याचे चार अंक निघाले आणि मग ते थांबले. चार अंक म्हणजे फार नव्हे, असे कुणी म्हणेल. पण त्या चार अंकांमुळे शेकडो चित्रे नावासकट छापील कागदावर आली. ड्रेपर यांनी १९७२ सालीच मंडळीचा इतिहास एका लहानशा वार्तापत्रात लिहून ठेवला होता. मोठ्या इतिहासकाराची वाट त्यांनी पाहिली नाही. लहान नियतकालिकाचे सामर्थ्य काय असते, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना मी सांगावे असे नाही.

आणि जे छापले गेले नाही त्याचे काय झाले? हर्बर्ट रँडल १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतील हॅटिसबर्गला गेले. काळ्यांची मतदार नोंदणी करण्यासाठी, मुलांसाठी स्वातंत्र्यशाळा चालवण्यासाठी तेथे कार्यकर्ते आले होते. रँडल यांनी सतराशेहून अधिक निगेटिव्ह घेतल्या. त्यांतली फार थोडी चित्रे त्या वेळी जगाने पाहिली. बाकी साऱ्या तीस-पस्तीस वर्षे पेटीत राहिल्या. १९९८ साली त्यांनी त्या त्याच गावच्या विद्यापीठाला दिल्या, आणि १९९९ साली त्यांचे प्रदर्शन झाले. पस्तीस वर्षांनी त्या गावातील माणसे आपले तरुण चेहरे पाहू शकली, कारण एका माणसाने पेटी टाकून दिली नाही.

ड्रेपर २००२ साली वारले. ते शेवटपर्यंत शिक्षक होते. त्यांच्या बहिणीने त्यांच्या निगेटिव्ह, प्रिंट, पत्रे, कामोइंगेच्या बैठकांचे कागद जपून ठेवले. २०१५ साली तो सारा संग्रह व्हर्जिनियाच्या रिचमंड शहरातील कलासंग्रहालयाने घेतला. रिचमंड हे ड्रेपर यांचे जन्मगाव, आणि यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांची राजधानी. त्या शहरात २०२० साली कामोइंगेचे प्रदर्शन भरले आणि पुढे ते न्यूयॉर्कलाही गेले. संस्थापकांपैकी काही जण ते पाहायला हयात होते. डिकाराव्हा नव्हते, ते २००९ साली गेले होते. बहिणीने ट्रंका भंगारात घातल्या असत्या, तर हे प्रदर्शन उभे राहिले नसते आणि हा लेखही मी लिहिला नसता.

८

हे लिहिताना मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे.

नामांतराच्या चळवळीत आमच्या वस्तीतला एक मुलगा होता. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना मी विचारलेले नाही. त्याच्याजवळ जुना कॅमेरा होता. १९७८ च्या जुलैत विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. तेव्हापासून ते १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार होईपर्यंत तो फोटो काढत राहिला. मोर्चे काढले, जळालेली घरे काढली. पण तेवढेच नव्हे. सभेच्या आधी भाकरी थापणाऱ्या बाया, तुरुंगातून सुटलेल्या बापाच्या गळ्यात पडलेली मुलगी, भिंतीवर निळा रंग लावणारी पोरे. मी ती चित्रे पाहिली होती. एकदा तो दोन बिस्किटांचे डबे भरून निगेटिव्ह घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, माझ्या घराचं छप्पर गळतं. तुमच्याकडं पुस्तकांचं कपाट हाय, तिथं ठिवता का?" मी म्हणालो, "अरे, कपाटात जागा कुठंय? आणि या फितींचं पुढं करायचं काय?" तो काही बोलला नाही. तो गेल्यावर, पुढे कधी तरी, घर आवरताना ते डबे भंगारवाल्याने किलोवर नेले.

माझ्या कपाटात या त्रैमासिकासारख्या नियतकालिकांचे जुने अंक ओळीने लावलेले आहेत. एकही अंक मी गहाळ होऊ दिला नाही. छापलेला शब्द म्हणजे इतिहास आणि फोटो म्हणजे भिंतीवर लावायची वस्तू, अशी माझी शिक्षकी समजूत होती. आमच्या घराघरांत बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे चित्र आहे. त्यांच्या शेजारी त्या घरातल्या माणसाचे, नावासकट, तारखेसकट काढलेले चित्र असावे, हे मला सुचले नाही. मायने १९७२ साली विचारलेल्या प्रश्नाला मी असे उत्तर दिले.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा हा प्रश्न संपला असे कुणाला वाटेल. तो संपलेला नाही. फोन बिघडला की दहा वर्षांचा इतिहास जातो. सुधारक ओलवे यांच्यासारख्या छायाचित्रकाराने मुंबईच्या सफाई कामगारांत वर्षानुवर्षे राहून जे काम केले, ते आपल्यापुढे आहे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण एका ओलव्यांच्या खांद्यावर हे ओझे टाकून समाज मोकळा होऊ शकत नाही. डिकाराव्हा एकटे असताना त्यांचे दालन दोन वर्षांत बंद पडले. जथा झाला तेव्हा तो साठ वर्षांहून अधिक काळ टिकला.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. आपल्या विहारांत, वसतिगृहांत, वाचनालयांत एक कोरडी खोली आणि एक कपाट हवे. वस्तीतल्या घरोघरी ट्रंकेत जे जुने फोटो आहेत, ते मालकाला विचारून उतरून घ्यावेत. मागे नाव, गाव, साल लिहावे. म्हातारी माणसे आहेत तोवर लिहावे. महिन्यातून एक रविवार पोरापोरींनी आपली नवी चित्रे मधोमध मांडावीत आणि एकमेकांना खरे सांगावे. पोरींना आधी बोलू द्यावे. यासाठी सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. कामोइंगेनेही पाहिली नव्हती.

मायच्या त्या कात्रणाचा कागद आता पिवळा पडून घडीवर फाटला आहे. मी त्याच्या मागे एक कोरा कागद चिकटवला आणि त्यावर तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, गाव आणि दुष्काळाचे साल लिहिले. ती १९९१ साली गेली. कॅमेरेवाल्याने जे विचारले नव्हते, ते तिच्या मुलाने लिहायला पन्नास वर्षे लावली. दुसऱ्या कुणी इतका वेळ लावू नये, एवढ्यासाठी हे सारे लिहिले.